पडद्यामागचे तीन अँप

पडदा आमच्या गिटारवाल्या बसूनंच आणला होता. त्यांच्याच कारखान्यातला मांजरपाट, चार-पाच मीटरचा तुकडा, खळीचा वास अजून न गेलेला. कोल्हापुरातल्या त्या वाद्यांच्या दुकानाच्या माडीवर मी तो खिडकीच्या गजापासून समोरच्या कपाटापर्यंत दोरीवर टाकला आणि त्याच्यामागे गिटारचा आवाज मोठा करणारे तीन अँप ओळीनं मांडले.

"अंतरपाट धरल्यागत काय हे?" अभिनंदन म्हणाला. "नवरी कुठली? अँप?"

"नवरी मागे आहे. नवरा बसू."

"आणि मी?"

"तू मुलीचा मामा. गप्प उभा राहा."

बसू हसला. तो स्टुलावर बसून गिटारच्या तारा फडक्यानं पुसत होता. बसवराज हुक्केरी हे त्याचं पूर्ण नाव, पण ते फक्त त्याच्या आधार कार्डावर होतं. इचलकरंजीत त्यांचा यंत्रमागांचा लहानसा कारखाना होता, घराच्या खालीच. बारावीनंतर तो वडिलांबरोबर मागावर उभा राहायला लागला आणि उरलेल्या वेळात वरच्या खोलीत गिटार वाजवायचा. अभिनंदन चौगुले ड्रम वाजवायचा, आणि वाजवता वाजवता ओरडायचा. त्याला आम्ही गाणं म्हणायचो. मी बेस गिटारवर. मी नुकतीच भौतिकशास्त्रात पदवी घेतली होती, त्यामुळे वायर तुटली तरी आणि पाऊस येणार का असं विचारायचं असलं तरी लोक माझ्याकडे बघायचे. आमच्या मेटल बँडचं नाव होतं 'धोटा'. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा. नाव बसूचं, आणि सगळ्या गाण्यांच्या चालीही त्याच्याच.

तरीही त्या सकाळी बसूची बँडमधली जागा पक्की नव्हती.

पुण्याची स्पर्धा एका महिन्यावर आली होती आणि बसूच्या गिटारचा आवाज कुणालाच सहन होत नव्हता. वाजवणं नव्हे, आवाज. पत्र्यावर खिळा ओढावा तसा तो कानात शिरायचा. अभिनंदन सांगायचा, ट्रेबल कमी कर. ट्रेबल म्हणजे आवाजातला वरचा, धारदार भाग. तो कमी-जास्त करायला अँपवर बटण असतं. बसू ते थोडं मागे फिरवायचा आणि दोन गाण्यांनंतर परत पुढे न्यायचा. अँपच भंगार आहे, असं त्याचं म्हणणं. कापूस कोंबल्यासारखा आवाज येतो, मी काय करू? अँप खरोखरच जुना होता, एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा, आकारानं कपाटाएवढा. शेवटी अभिनंदननं सांगून टाकलं होतं, "एकतर अँप बदल, न्हाईतर मी गिटारवाला बदलतो. धैर्यशील कवापासनं मागं लागलाय." आणि पुढच्या रविवारी सरावाला यायला धैर्यशीलला सांगूनही ठेवलं होतं.

म्हणून आम्ही लहान अँप घ्यायला आलो होतो. लहान, कारण तो स्कूटरवर पायाशी ठेवून नेता यायला हवा होता आणि घरच्या खोलीत पूर्ण जोरात वाजवता यायला हवा होता. आणि भरपूर गेनचा, कारण त्याशिवाय मेटल वाजवता येत नाही. गिटारचा आवाज फुगवत फुगवत इतका न्यायचा की तो फुटायला लागतो; त्या फुगवण्याला गेन म्हणतात. हे फुटणं सगळ्या अँपमध्ये सारखं नसतं. काहींत ते घट्ट राहतं, तार दाबून वाजवली तर दार आपटल्यासारखा ठोका येतो. काहींत त्याचा नुसता चिखल होतो. लहान अँपमध्ये चिखल व्हायची शक्यता जास्त, स्पीकरच एवढासा असतो.

माणसं अँपचा रंग आणि त्याच्यावरचं नाव बघून आवाज ठरवतात, म्हणून पडदा. आवाज जरा मोठा असला तरी तो जरा चांगला वाटतो, म्हणून मी फोनवर मोजून तिन्हींची पातळी सारखी केली. वाजवण्यात फरक पडू नये म्हणून दुकानदार पोतनीसकाकांकडून एक छोटी पेटी मागून घेतली; एकदा वाजवलेलं ती तसंच्या तसं पुन्हा पुन्हा वाजवते. बसूनं तिच्यात एक तुकडा वाजवून दिला आणि मी पडद्यामागे गेले.

"मी आकडा सांगीन," मी आतून म्हणाले. "ऐका आणि चिठ्ठीवर दहापैकी गुण लिहा. एकमेकांचं बघायचं नाही. सुरू करू?"

"कर," अभिनंदन म्हणाला.

"बसू?"

काही नाही.

"ए बहिऱ्या, विचारालीय ती तुला."

"हां, हां. कर की," बसू म्हणाला.

तिन्ही अँप मी दोनदा फिरवून ऐकवले, दुसऱ्यांदा क्रम बदलून. दर वेळी आकडा सांगितला की अभिनंदनचा "हं" यायचा आणि त्याच्यामागून थोड्या वेळानं बसूचा. मला वाटलं, तो रुसलाय. या सगळ्या परीक्षेचा त्याला राग आला असता तरी मी समजू शकले असते.

चिठ्ठ्या उघडल्या. अभिनंदननं मधल्या अँपला सगळ्यांत वर ठेवलं होतं. मीही माझ्या मनाशी तोच धरला होता. तिसऱ्याला त्यानं शून्य दिलं होतं आणि कंसात 'घाण' लिहिलं होतं. त्या तिसऱ्याला बसूनं नऊ दिले होते. क्रम बदलल्यावरही नऊच.

"हा आवाज?" अभिनंदन म्हणाला. "ह्यानं दात शिवशिवतात मर्दा."

"तोच जरा मोकळा वाटला," बसू म्हणाला. "बाकीचे दोन्ही बसलेत."

"बसलेले न्हाईत, माणसासारखे आहेत."

एकाला आवडतं ते दुसऱ्याला आवडेलच असं नाही, आणि त्याचा अर्थ काढायची घाई करू नये, एवढं मला शिकवलं गेलं होतं. मी परीक्षेचा दुसरा भाग सुरू केला. बसूनं पडद्यामागे जाऊन तिन्ही अँप स्वतःच्या कानानं लावायचे, हवे तसे. नंतर मी बटणं बघणार.

त्यानं पुष्कळ वेळ घेतला. एकेक बटण केसाएवढं फिरवायचा, वाजवायचा, मान तिरकी करून ऐकायचा, पुन्हा फिरवायचा. आळशीपणानं कुणी असं लावत नाही. तो बाहेर आला तेव्हा अभिनंदननं दोन्ही कानांत बोटं घातली होती.

मी आत जाऊन बघितलं. तिन्ही अँप वेगळे होते, त्यांचा गेन वेगळा होता, त्यानं बाकीची बटणंही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली होती. ट्रेबल मात्र तिन्हींवर शेवटपर्यंत गेलेला होता.

"सांग की," अभिनंदन म्हणाला.

मी सांगितलं.

"म्हणजे अँपचा काय संबंधच न्हाई," तो म्हणाला. "जुना असू दे, नवा असू दे, हा तिथंच न्हेऊन ठेवणार. बसू, तू आम्हाला छळायलायस का?"

"मला खरंच बसलेला वाटतोय रे आवाज."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"मग पुण्यात परीक्षकांनाबी असंच सांगूया. आमच्या गिटारवाल्याला बसलेला वाटतोय, तेवढं सोसा." तो उठला. "मी चहा सांगून येतो. अनघा, ह्याला काय समजवायचं ते समजव. न्हाईतर रविवारी धैर्यशील वाजवंल. मी लई वेळा बोललोय, आता बोलणार न्हाई."

जिन्यावरून त्याची पावलं खाली गेली. मी पडद्यामागेच होते, वायरी सोडवत.

"बसू," मी म्हणाले, "तिसराच घ्यायचा असं मनात धरून आलायस का तू?"

उत्तर नाही.

"बसू, तसं असेल तर तसं सांग."

पडद्याच्या कापडातून त्याची सावली दिसत होती. तो माझ्यापासून दोन हात अंतरावर स्टुलावर बसला होता आणि गिटारच्या खुंट्या पिळत होता. मी आवाज जराही न वाढवता म्हणाले, "बसू, तुझी गिटार मी काल विकून टाकली."

सावली खुंट्या पिळत राहिली.

मी पडदा बाजूला केला. त्यानं लगेच मान वर केली. "काय म्हणालीस?"

मी आवाज न काढता फक्त ओठ हलवले. चहा घेणार का?

"घेणार की," बसू म्हणाला. "त्यात काय विचारायचं?"

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. "बसू, मी आत्ता आवाज काढला नव्हता."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मग हसला. "ते व्हय. कारखान्यात समद्यांनाच येतं ते. माग चालू असले की तोंडाकडं बघूनच बोलायचं. अप्पा तर त्या टोकाला बसून शिव्या देतात, हितं बरोबर पोचतात."

"आणि माग बंद असले की?"

"बंद असले की काय? बंद असले की ऐकू येतंय की."

"मग मी पडद्यामागून तीनदा बोलले ते?"

गिटार मांडीवरून काढून त्यानं भिंतीला टेकवली.

"एक मोजून बघूया?" मी म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे."

फोनवर एक ॲप होतं. त्यातून हव्या त्या उंचीचा शुद्ध सूर काढता येतो. फोन मी मधल्या अँपला जोडला, फोडणारा गेन बंद केला आणि बसूला खिडकीशी उभं केलं, पाठ माझ्याकडे, तोंड रस्त्याकडे. सूर आला की बोट वर, गेला की खाली. त्यानं हात खांद्याशी धरला, शाळेत पाणी प्यायला जायचं असल्यासारखा.

खालच्या सुरांवर बोट अचूक वर जात होतं. बेस गिटारच्या खोल आवाजापासून तानपुऱ्यापर्यंत, तिथून बासरीपर्यंत. मी मुद्दाम मध्ये लांब थांबत होते, अवेळी सुरू करत होते. एकदाही चुकला नाही. मग मी सूर आणखी वर नेला. बोट वर जायला वेळ लागू लागला. मी आणखी वर नेला.

बोट खाली होतं.

मी आवाज वाढवला. आता तो सूर म्हणजे एक बारीक, सरळ शिट्टी होती आणि माझ्या स्वतःच्या कपाळात ती टोचायला लागली होती. खालून पोतनीसकाका ओरडले, "अहो, ती शिट्टी बंद करा, गिऱ्हाईक उठून चाललं."

बोट खालीच.

"चालू कर की," बसू खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मी तयार आहे."

मी काही केलं नाही. काय करावं ते मला सुचलं नाही, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

"ए अनघा," तो म्हणाला, "खाली तो बाप्या बघ. हितं वर बघून कानावर हात ठेवायलाय. काय झालं त्याला?"

एवढं बोलून तो थांबला. त्याची पाठ मला दिसत होती. थोड्या वेळानं तो वळला आणि त्यानं माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. मी सूर बंद केला.

"चालू होतं?"

"हो."

"कवापासनं?"

"तू तयार आहे म्हणालास त्याच्या आधीपासून."

तो अँपजवळ येऊन खाली बसला. "परत लाव." मी लावला. त्यानं कान स्पीकरच्या जाळीला टेकवला, डावा, मग उजवा. "आहे," तो म्हणाला. "लांब कुठंतरी आहे. बंद कर."

मी बंद केला.

"म्हणजे जुना अँप चांगलाच होता."

"बरा होता."

"हे परत येतं?"

"गेलेलं येत नाही. आहे ते राखता येतं. मी फक्त अंदाज घेतलाय, बसू. मिरजेत कानाचे डॉक्टर आहेत, ते नीट मोजतील. मागांच्या आवाजात असंच जातं, हीच जागा आधी जाते. माणसाला कळत नाही, कारण बोलणं अर्धं कानानं आणि अर्धं..."

"तोंडाकडं बघून," तो म्हणाला. "कळलं." त्यानं जाळीवरून बोट फिरवलं. "मला वाटलं होतं, समद्यांना अँप कळत न्हाईत."

"अभिनंदनला मी काही सांगणार नाही. तुला सांगायचं तर तू सांग."

"बहिरा गिटारवाला ठेवंल का तो?"

मी फोनची वायर अँपमधून काढून गुंडाळायला घेतली.

जिन्यावर पावलं वाजली. ती मी आधी ऐकली आणि दाराकडे बघितलं. मी बघतेय हे बघून मग त्यानं बघितलं. हे तो नेहमीच करत असणार. मला ते त्या दिवशी दिसलं.

अभिनंदन तीन ग्लास हातांत अडकवून आत आला. "ठरलं काय?"

"अभ्या," बसू उभा राहून म्हणाला, "तू जा मागं. मधल्या अँपला लाव. तुझ्या कानाला बरं वाटंल तसं."

"मी?"

"तूच."

अभिनंदननं माझ्याकडे बघितलं, ग्लास कपाटावर ठेवले आणि तो पडद्यामागे गेला. बसू वाजवत होता आणि तो आतून बटणं फिरवत होता. हळूहळू आवाजातला खिळा निघून गेला. खाली उरलं ते घट्ट, कोरडं आणि जड होतं. तार दाबली की ठोका, सोडली की शांतता. मग बसूनं आमच्या सगळ्यांत अवघड गाण्याची सुरुवात वाजवली. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तो हाताकडे बघत नव्हता, अँपकडेही नाही. पडद्याखालून अभिनंदनचे पाय दिसत होते, त्यांच्याकडे बघत होता. तिसऱ्या ओळीला उजवा पाय ड्रमचा ठोका धरायला लागला. बसूनं गाणं पूर्ण केलं.

"हेच की मर्दा," अभिनंदन बाहेर येत म्हणाला. "इतकं दिवस मी दुसरं काय सांगालतो? कसा वाटला तुला?"

"घोंगडं टाकल्यागत."

"आणि तरीबी हाच घ्यायचा?"

"हाच. तुमाला वाटतो तोच खरा आवाज आहे. मला वरचं ऐकूच येत न्हाई, अभ्या. आत्ता अनघानं मोजलं."

अभिनंदन हसला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मी हसत नव्हते. त्यानं एक ग्लास उचलला, परत ठेवला, आणि दुसरा उचलला.

"किती येत न्हाई?" त्यानं मला विचारलं.

"शिट्टीसारखे सूर. ती मगाशी वाजली ती."

"ती? ती मला खाली चहाच्या गाड्यावर ऐकू आली."

"हो."

तो खिडकीत जाऊन उभा राहिला. चहा प्यायला, निम्मा. बसू गिटारचा पट्टा गळ्यातून काढत होता, आणि पट्ट्याची कडी उगाचच अडकल्यासारखी करत होता.

"ठेक्यात कवा चुकलाय का हा?" अभिनंदन म्हणाला.

"ते तुला माहीत," मी म्हणाले.

"न्हाई चुकला. मीच चुकतो." त्यानं उरलेला चहा संपवला. "खालचं समदं येतंय न्हवं त्याला?"

"सगळं. तुझ्यामाझ्याइतकंच."

"मग ट्रेबलचं मी बघतो." तो वळला, बसूच्या समोर जाऊन उभा राहिला आणि तोंड मोठं उघडून एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "च-हा. घे. गार. व्हाय-ला-य."

"नीट बोल," बसू म्हणाला. "येडा न्हाई मी."

खाली पोतनीसकाकांनी अँप खोक्यात घालताना विचारलं, "आवडला ना?" बसूनं अभिनंदनकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, "ह्याला आवडला."

रविवारी धैर्यशील आलाच, कारण येऊ नकोस असं सांगायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. त्यानं बसून सगळा सराव ऐकला, अँप कुठून घेतला ते विचारलं आणि मिसळ खाऊन गेला. पुण्यात आमचा नंबर आला नाही, पण एका परीक्षकानं गिटारच्या आवाजाचं नाव घेऊन कौतुक केलं. बसूनं मान लववली, आणि अभिनंदननंही. मिरजेच्या डॉक्टरांनी मी सांगितलं तेच सांगितलं, तक्ता काढून. बसू कानात बोळे घालून मागावर उभा राहायला लागला. त्याचे अप्पा आधी हसले आणि वर्षभरानं त्यांनी एक जोड मागून घेतला.

याला आता सहा वर्षं झाली. मी बंगळूरला असते. बेसवर दुसरा मुलगा आहे. 'धोटा' अजून वाजवतो. कार्यक्रमाच्या आधी ड्रमवाला उठून गिटारवाल्याचा अँप लावतो, ती त्यांची एक लकब आहे असं लोकांना वाटतं. त्यांची गाणी दर वर्षी जास्त खालच्या सुरांत उतरत गेली. बसूनं जाड तारा घातल्या, त्या ढिल्या लावल्या, मग आणखी ढिल्या. सुरुवातीला प्रत्येक गाण्यात त्याचा एक उंच, वेगवान तुकडा असायचा. तो आधी लहान झाला आणि मग गेला. हिशेबानं पाहिलं तर वरच्या बारीक तारांचे मूळ सूर त्याला अजून ऐकू यायला हवेत. मी फोनवर तसं म्हणाले होते. तो म्हणाला, "येतात गं. पण लाकडावर मारल्यागत येतात. चमक येत न्हाई. मग कशाला वाजवायच्या?"

गेल्या महिन्यात त्यांचा नवा अल्बम आला. मेटल ऐकणाऱ्यांच्या एका संकेतस्थळानं लिहिलं की हा बँड दिवसेंदिवस अधिक जड, अधिक निर्दय होत चालला आहे आणि हे त्यांनी किती विचारपूर्वक केलं आहे. अभिनंदननं ते आमच्या जुन्या ग्रुपवर टाकलं. बसूनं अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी ती गाणी सकाळी नीट ऐकली, चांगले हेडफोन लावून, दोनदा. गिटारची सगळ्यांत बारीक तार त्यात कुठेच वाजलेली नाही.